कार्बोरेटर ते वायुप्रवाह संवेदक : वाशिम जिल्ह्याच्या संदर्भात मोटार-दुरुस्तीच्या ज्ञानाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

यंत्रांचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने यंत्राच्या शोधाकडे आणि उत्पादनाकडे गेलेले आहे. वाफेचे इंजिन कोणी तयार केले, रेल्वे केव्हा आली, कापडगिरणी कोठे उभी राहिली या प्रश्नांना आपल्या अभ्यासक्रमात ठरलेले स्थान आहे. मात्र ते यंत्र बंद पडल्यावर ते कोणी दुरुस्त केले, त्या माणसाला हे ज्ञान कोठून मिळाले आणि यंत्र बदलल्यानंतर त्याच्या ज्ञानाचे काय झाले, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. वाशिम जिल्ह्याच्या इतिहासाचा विचार करता वाकाटकांची वत्सगुल्म शाखा, कारंजाची कापसाची बाजारपेठ किंवा मूर्तिजापूर-यवतमाळ मार्गावरील 'शकुंतला' रेल्वे हे विषय अभ्यासकांना परिचित आहेत. जिल्ह्यातील मोटार गॅरेज हा मात्र इतिहासाचा विषय होऊ शकतो, असे सहसा कोणाला वाटत नाही.

प्रस्तुत निबंधात मोटारीच्या इंजिनातील एका लहानशा भागाच्या आधारे हा विषय मांडण्याचा प्रयत्न केला आहे. हा भाग म्हणजे इंजिनात जाणारी हवा मोजणारा वायुप्रवाह संवेदक होय. गॅरेजमध्ये त्याला 'एअर फ्लो सेन्सर' किंवा 'मास एअर फ्लो' असे म्हणतात. एअर फिल्टरची पेटी आणि इंजिन यांच्यामधील नळीत बसवलेला हा भाग तळहातावर मावतो. तो बिघडला की इंजिन चालू राहते, पण गाडी पिकअप घेत नाही, काळा धूर सोडते आणि अ‍ॅव्हरेज कमी देते. असा दोष ओळखणे आणि योग्य वेळी हा भाग बदलणे ही वरवर पाहता केवळ तांत्रिक बाब आहे. परंतु हवा मोजण्याचे काम मिस्त्रीच्या कानाकडून तारेकडे कसे गेले, हे पाहिल्यास त्यामागे कायदा, बाजार आणि शिक्षण यांचा सुमारे पन्नास वर्षांचा इतिहास उभा असल्याचे दिसून येते.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) इंजिनातील हवा मोजण्याच्या पद्धतींचा ऐतिहासिक विकास पाहणे.
२) भारतातील उत्सर्जन-मानकांमुळे दुरुस्तीच्या ज्ञानात झालेला बदल वाशिम जिल्ह्याच्या संदर्भात समजून घेणे.
३) वायुप्रवाह संवेदकातील दोष शोधण्याची रीत आणि इतिहासातील साधन-चिकित्सा यांतील साम्य तपासणे.

अभ्यासाची पद्धती

प्रस्तुत निबंधासाठी वर्णनात्मक व ऐतिहासिक पद्धतीचा अवलंब केला आहे. त्याला स्वतःच्या वाहनाच्या दुरुस्तीच्या प्रत्यक्ष निरीक्षणाची जोड दिली आहे. हे निरीक्षण एका वाहनापुरते मर्यादित आहे. त्यावरून संपूर्ण जिल्ह्याविषयी सांख्यिकीय स्वरूपाचा निष्कर्ष काढलेला नाही.

कार्बोरेटरचा काळ : कानाने केलेले मोजमाप

पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते. हे प्रमाण राखणे ही इंजिनापुढील जुनी समस्या आहे. कार्बोरेटरमध्ये हवा एका अरुंद गळ्यातून वेगाने जाते, तेथील दाब कमी होतो आणि त्या ओढीने बारीक छिद्रातून पेट्रोल बाहेर येते. म्हणजे येथे हवेचे स्वतंत्र मोजमाप होत नाही. हवाच आपल्याबरोबर पेट्रोल ओढून नेते. १९५७ पासून तयार होऊ लागलेली अ‍ॅम्बॅसेडर, मुंबईतील कुर्ला येथे तयार होणारी प्रीमियर पद्मिनी आणि १४ डिसेंबर १९८३ रोजी ज्या गाडीची पहिली किल्ली ग्राहकाच्या हाती देण्यात आली ती मारुती ८०० या सर्व गाड्या आरंभी याच तत्त्वावर चालत होत्या.

या पद्धतीत एक मूलभूत उणीव होती. इंजिनाला हवेचे वजन महत्त्वाचे असते, तर कार्बोरेटरला प्रामुख्याने तिचा वेग कळतो. वाशिम शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. येथे मे महिन्यात दुपारचे तापमान ४३ अंश सेल्सिअस आणि डिसेंबरच्या पहाटेचे १२ अंश असे धरले, तर वायूच्या साध्या नियमानुसार त्याच एक लिटर हवेच्या वजनात सुमारे दहा टक्के फरक पडतो. तेवढा फरक कार्बोरेटरला आपणहून भरून काढता येत नसे. तो मिस्त्री भरून काढत असे. स्पार्क प्लग काढून त्याचा रंग पाहिला जाई. तो तपकिरी असेल तर मिश्रण योग्य, काजळीसारखा काळा असेल तर पेट्रोल जास्त आणि पांढुरका असेल तर पेट्रोल कमी, असे वाचन होत असे. त्यानंतर इंजिन चालू ठेवून, त्याच्या आवाजाकडे कान देऊन, कार्बोरेटरचा स्क्रू थोडा थोडा फिरवला जाई. 'ट्यूनिंग' या एका शब्दात हे सारे ज्ञान सामावलेले होते.

हे ज्ञान लिहून ठेवलेले नव्हते. ते उस्तादाकडून शागिर्दाकडे, पाने पुसता पुसता आणि दिवा धरता धरता जात असे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम उपलब्ध असला, तरी कान तयार होण्याची खरी शाळा गॅरेज हीच होती. या ज्ञानाचे आणखी एक वैशिष्ट्य लक्षात घेणे आवश्यक आहे. पाना, पेचकस आणि अनुभव एवढ्याच भांडवलावर ते उभे होते. त्यामुळे मुंबईचा मिस्त्री आणि रिसोडचा मिस्त्री यांच्यात कौशल्याचा फरक असू शकत होता, पण साधनांची दरी फारशी नव्हती.

तप्त तारेचा शोध आणि मोटारीतील प्रवेश

हवेचा वेग तापलेल्या तारेने मोजता येतो, ही कल्पना मोटारीसाठी जन्मलेली नाही. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ लुई व्हेसो किंग यांनी १९१४ मध्ये वाहत्या हवेत बारीक तापलेली तार किती उष्णता गमावते, याचा नियम मांडला. तारेवरून जितकी अधिक हवा जाईल तितकी तार थंड होईल आणि तिचे तापमान कायम राखण्यासाठी तितकी अधिक वीज द्यावी लागेल, हे त्याचे साधे सार आहे. दिलेल्या विजेवरून हवेचा अंदाज येतो. पुढील अनेक दशके हे तंत्र प्रामुख्याने प्रयोगशाळांत वापरले गेले.

मोटारीत त्याची गरज कायद्याने निर्माण केली. १९६० आणि १९७० च्या दशकांत अमेरिकेत वाहनांच्या धुरावर कडक मर्यादा आल्या आणि त्या पाळण्यासाठी इंधनाचे प्रमाण अधिक अचूक राखणे भाग पडले. जर्मनीतील बॉश कंपनीने १९६७ मध्ये डी-जेट्रॉनिक ही विद्युत-नियंत्रित इंधन-फवारणी प्रणाली आणली. त्यात हवा प्रत्यक्ष न मोजता नळीतील दाबावरून तिचा अंदाज बांधला जात असे. १९७३-७४ मध्ये आलेल्या एल-जेट्रॉनिकमध्ये हवेच्या मार्गात एक झडप बसवलेली होती. हवा तिला ढकलत असे आणि ती किती उघडली यावरून हवेचे आकारमान कळत असे. यातील 'एल' हे अक्षर 'लुफ्ट' म्हणजे हवा या जर्मन शब्दावरून आले आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी आलेल्या एलएच-जेट्रॉनिकमध्ये प्लॅटिनमची तप्त तार वापरली गेली आणि हवेचे आकारमान मोजण्याऐवजी थेट वस्तुमान मोजणे शक्य झाले. तारेवर बसलेली धूळ जाळून टाकण्यासाठी इंजिन बंद झाल्यावर ती तार क्षणभर लालबुंद तापवली जात असे. पुढे तारेची जागा अतिशय पातळ तप्त पटलाने घेतली. आज वाहनांत दिसणारे बहुतेक संवेदक या पटलाच्या प्रकारातील आहेत.

येथे एक खुलासा करणे आवश्यक आहे. प्रत्येक मोटारीत वायुप्रवाह संवेदक असतोच असे नाही. भारतातील अनेक लहान पेट्रोल गाड्यांत नळीतील दाब आणि तापमान यांवरूनच हवेचा हिशेब केला जातो. कॉमन रेल डिझेल इंजिनांत मात्र वायुप्रवाह संवेदकाचा वापर मोठ्या प्रमाणावर झाला. धुरातील नायट्रोजनचे ऑक्साइड कमी करण्यासाठी जळालेल्या वायूचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडतात. त्याचे प्रमाण ठरवण्यासाठी ताजी हवा किती आली हे कळणे आवश्यक असते.

कायदा, मानके आणि वाशिम

भारतात पेट्रोल वाहनांसाठी देशव्यापी उत्सर्जन-मर्यादा १९९१ मध्ये आणि डिझेल वाहनांसाठी १९९२ मध्ये लागू झाल्या. १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना उत्प्रेरक परिवर्तक बंधनकारक झाला. सर्वोच्च न्यायालयाने २९ एप्रिल १९९९ रोजी दिल्ली राजधानी क्षेत्रासाठी युरो मानकांविषयी दिलेल्या आदेशाने या बदलाला गती मिळाली. १ एप्रिल २००० पासून 'इंडिया २०००' हे मानक संपूर्ण देशात लागू झाले आणि नव्या पेट्रोल मोटारींतून कार्बोरेटर झपाट्याने मागे पडू लागला.

अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी वाशिम जिल्हा अस्तित्वात आला. पुढे वाहनांवर एमएच-३७ ही नवी ओळख दिसू लागली. म्हणजे जिल्ह्याचे स्वतंत्र प्रशासकीय जीवन आणि भारतीय मोटारीचे संगणकीय जीवन जवळजवळ एकाच वेळी सुरू झाले. हा निव्वळ योगायोग असला, तरी अभ्यासकाला तो उपयोगी पडतो. एमएच-३७ क्रमांकाच्या वाहनांचा इतिहास हा प्रामुख्याने मानकांच्या काळाचा इतिहास आहे.

मात्र ही मानके सर्वत्र एकाच वेळी पोहोचली नाहीत. भारत स्टेज-४ हे मानक १ एप्रिल २०१० रोजी प्रथम दिल्ली राजधानी क्षेत्रासह १३ शहरांत लागू झाले. त्यात महाराष्ट्रातील मुंबई, पुणे आणि सोलापूर ही शहरे होती, विदर्भातील एकही शहर नव्हते. त्याच वर्षी उर्वरित देशात भारत स्टेज-३ लागू झाले. संपूर्ण देशासाठी भारत स्टेज-४ येण्यास १ एप्रिल २०१७ हा दिवस उजाडावा लागला. पुढे पाचवा टप्पा वगळून १ एप्रिल २०२० पासून थेट भारत स्टेज-६ लागू झाले. याचा अर्थ असा की, पुण्यातील नव्या गाड्यांत आलेले नियंत्रण-तंत्र वाशिमच्या नव्या गाड्यांना सात वर्षांनंतर बंधनकारक झाले. या काळात अशी एखादी गाडी वाशिमच्या गॅरेजमध्ये येई ती बहुधा पुण्या-मुंबईहून घेतलेली जुनी गाडी म्हणून. नव्या गाडीबरोबर अधिकृत सेवा-केंद्र, माहितीपुस्तिका आणि प्रशिक्षण येते. जुन्या गाडीबरोबर फक्त दोष येतो. दुरुस्तीच्या ज्ञानाचा असमान प्रसार समजून घेण्यासाठी हा फरक महत्त्वाचा वाटतो.

याच मानकांबरोबर वाहनात स्वयं-निदान प्रणाली आली. अमेरिकेत १९९६ पासून मोटारींना ओबीडी-२ बंधनकारक झाली होती. भारतात भारत स्टेज-४ मोटारींसाठी तिचा दुसरा टप्पा एप्रिल २०१३ पासून आला. त्यामुळे दोषांना क्रमांक मिळाले. पी०१०० म्हणजे वायुप्रवाह संवेदकाच्या विद्युत-मंडलातील दोष, पी०१०१ म्हणजे त्याचे मापन अपेक्षित मर्यादेत नसणे, पी०१०२ म्हणजे संकेत फार कमी असणे, पी०१०३ म्हणजे फार जास्त असणे आणि पी०१०४ म्हणजे संकेत मधूनमधून तुटणे. प्लगच्या रंगाची जागा आता स्कॅनरच्या पडद्यावरील अंकांनी घेतली.

साधन कोणाच्या हाती?

कान प्रत्येक मिस्त्रीजवळ होता. स्कॅनर तसा नव्हता. कंपनीचा स्कॅनर, त्यातील माहिती आणि मूळ सुटे भाग हे प्रामुख्याने अधिकृत विक्रेत्यांकडेच राहू लागले. हा प्रश्न पुढे भारतीय स्पर्धा आयोगासमोर गेला. आयोगाने २०११ च्या प्रकरण क्रमांक ३ मध्ये २५ ऑगस्ट २०१४ रोजी निर्णय देऊन १४ मोटार उत्पादक कंपन्यांना एकूण २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. स्वतंत्र गॅरेजांना सुटे भाग आणि निदानाची साधने खुल्या बाजारात मिळू न देणे हा त्यातील कळीचा मुद्दा होता. या आदेशाविरुद्ध अपिले झाली आणि दंडाच्या रकमेविषयी वाद चालला. तरीही दुरुस्तीचे ज्ञान हा स्पर्धेचा आणि म्हणून सार्वजनिक हिताचा विषय आहे, ही गोष्ट त्यामुळे अधोरेखित झाली. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा अधिकार' या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संकेतस्थळ सुरू केले. त्यात शेती अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू आणि टिकाऊ ग्राहकोपयोगी वस्तूंबरोबर मोटारवाहनांचाही समावेश आहे.

दरम्यान बाजाराने आपला मार्ग काढला. दोष-क्रमांक वाचून मोबाइलवर दाखवणारी स्वस्त साधने सर्वत्र मिळू लागली. साधनाची दरी काही प्रमाणात कमी झाली. मात्र क्रमांक वाचता येणे आणि दोष समजणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे पुढील अनुभवावरून दिसून येईल.

एक निरीक्षण : दोष खरा, कारण वेगळे

प्रस्तुत लेखकाची डिझेल मोटार ऑक्टोबर महिन्यात अकोल्याहून वाशिमकडे येताना पातूरच्या घाटात चढ घेईना. मागे काळा धूर दिसत होता आणि समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागला होता. एका गॅरेजमध्ये स्कॅनर लावला असता पी०१०१ हा क्रमांक आला. वायुप्रवाह संवेदक खराब झाल्याचे सांगून तो लगेच बदलण्यात आला. गाडी पूर्ववत चालू लागली. तीन आठवड्यांनंतर त्याच तक्रारी पुन्हा सुरू झाल्या आणि क्रमांकही तोच आला. नवा संवेदकही खराब निघाला, असे सांगण्यात आले.

त्यानंतर वाशिममधील एका वयोवृद्ध मिस्त्रींनी गाडी पाहिली. त्यांनी प्रथम स्कॅनर लावला नाही. एअर फिल्टरची पेटी उघडली. फिल्टरच्या कडेची रबरी पट्टी एका कोपऱ्यात दुमडलेली होती आणि पेटीच्या आतल्या, स्वच्छ बाजूला बारीक भुकटीचा थर बसला होता. हा काळ सोयाबीनच्या मळणीचा होता आणि रस्त्यालगतच्या शेतांत थ्रेशर चालू होते. न गाळलेली धूळ थेट संवेदकाच्या पटलावर बसत होती. धुळीने झाकलेले पटल हवेला पूर्वीइतकी उष्णता देऊ शकत नाही आणि त्यामुळे हवा कमी आहे असे दाखवते. मिस्त्रींचे शब्द असे होते : "सर, सेन्सर खोटं नाही सांगून राह्यला. त्याले जेवढी हवा दिसते तेवढीच तो सांगते. त्याच्या डोळ्यात माती कुठून आली, ते पाहा लागते."

पहिल्या गॅरेजने काढलेला निष्कर्ष चुकीचा नव्हता. संवेदक खरोखरच बिघडलेला होता. पण तो परिणाम होता, कारण नव्हते. दोन संवेदकांचा खर्च एका नोकरदाराला सोसता आला. मेडशी-मालेगाव मार्गावर भाडे घेऊन चालणाऱ्या काळी-पिवळी जीपच्या चालकावर अशी वेळ आली, तर त्याच्या घरातील महिन्याचा हिशेब कोलमडतो. या प्रश्नाचे गांभीर्य येथे आहे.

दोषशोधाची रीत

वायुप्रवाह संवेदकाचा दोष शोधण्याची क्रमवार रीत पुढीलप्रमाणे सांगता येईल.

१) बाह्य पाहणी : प्रथम एअर फिल्टर, त्याची पेटी, रबरी पट्टी आणि क्लिपा पाहाव्यात. कॉम्प्रेसरची हवा मारून फिल्टर स्वच्छ करण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. जोरदार हवेने कागद फाटल्यास तो धूळ अडवू शकत नाही. त्यानंतर संवेदकापासून इंजिनापर्यंतची नळी वाकवून पाहावी. क्लिपेखाली गेलेली चीर सहज दिसत नाही. पेट्रोल इंजिनात तेथून न मोजलेली हवा आत शिरते, तर टर्बो असलेल्या डिझेल इंजिनात टर्बोपुढील फुटलेल्या नळीतून मोजलेली हवा बाहेर निघून जाते. दोन्ही प्रसंगी संवेदक निर्दोष असूनही त्याच्यावर ठपका येतो.

२) जोडणीची तपासणी : प्लग काढून पिनांवर गंज, ओल किंवा तेल आहे काय ते पाहावे. मल्टिमीटरने विद्युतपुरवठा आणि अर्थिंग तपासावे. पावसाळ्यानंतर आणि उंदरांनी वायर कुरतडलेल्या गाड्यांत दोष बहुधा येथेच सापडतो.

३) मापनाची पडताळणी : स्कॅनरवर क्रमांकाखेरीज प्रत्यक्ष मापनही दिसते. ते हिशेबाशी ताडून पाहता येते. १,२४८ घनसेंटिमीटरचे चार-धावी डिझेल इंजिन मिनिटाला ८५० फेरे घेत असेल, तर ते दर दोन फेऱ्यांत एकदा आपल्या आकारमानाएवढी हवा घेते. हे मान मिनिटाला सुमारे ५३० लिटर, म्हणजेच सेकंदाला सुमारे ९ लिटर होते. वाशिमच्या उंचीवर ३५ अंश तापमानात एक लिटर हवेचे वजन सुमारे १.१ ग्रॅम भरते. सिलिंडर पूर्ण भरत नाही हे धरून, जळालेला वायू परत सोडणारी झडप बंद असताना संवेदकाने सेकंदाला साधारण ८ ग्रॅमच्या आसपास हवा दाखवावी. तो ४ ग्रॅम दाखवत असेल तर शंकेला जागा आहे. मात्र ती झडप काजळीने उघडी अडकली असली तरीही ताजी हवा कमी येते आणि तेव्हा संवेदक खरेच सांगत असतो. म्हणून झडप पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

४) संवेदक वगळून पाहणे : इंजिन बंद करून संवेदकाचा प्लग काढावा आणि पुन्हा सुरू करावे. अशा वेळी संगणक ठरावीक मूल्य धरून इंजिन चालवतो. गाडी आधीपेक्षा बरी चालू लागली, तर संवेदकाचा संकेत चुकीचा असल्याचा संशय बळावतो. या तपासणीत नवा दोष-क्रमांक नोंदला जातो, तो नंतर पुसावा लागतो.

५) स्वच्छता : पटल केवळ मळलेले असेल तर या कामासाठीच मिळणाऱ्या, सुकल्यावर काही मागे न ठेवणाऱ्या फवाऱ्याने ते स्वच्छ होऊ शकते. त्याला बोट, कापड, ब्रश किंवा कॉम्प्रेसरची हवा लावू नये. पूर्ण सुकल्यावरच जोडावे.

६) बदल : वरील सर्व तपासण्यांनंतरही मापन चुकीचे राहिल्यास संवेदक बदलावा. इग्निशन बंद करून बॅटरीची ऋण जोडणी काढावी. जुन्या व नव्या भागावरील क्रमांक ताडून पाहावेत, कारण सारखे दिसणारे संवेदक वेगवेगळ्या इंजिनांसाठी वेगवेगळा संकेत देतात. दोन स्क्रू काढून भाग बाहेर घ्यावा, नव्या भागावरील बाणाची दिशा इंजिनाकडे ठेवावी आणि रबरी कडी नीट बसली आहे याची खात्री करावी. त्यानंतर दोष-क्रमांक पुसून, संगणकाने साठवलेले जुने समायोजन काही गाड्यांत स्कॅनरने शून्यावर आणून, चढाच्या रस्त्यावर गाडी चालवून पाहावी.

या क्रमात बदलाचे स्थान शेवटचे आहे, ही बाब लक्षणीय आहे.

इतिहासाच्या पद्धतीशी साम्य

इतिहासाच्या अभ्यासकाला वरील रीत अपरिचित वाटू नये. दोष-क्रमांक हे एक साधन आहे. ताम्रपट किंवा बखर हाती आल्यावर आपण तिचे बाह्य परीक्षण करतो, नंतर आशयाचे अंतर्गत परीक्षण करतो आणि अन्य स्वतंत्र साधनांशी ती ताडून पाहतो. मिस्त्री पेटी आणि नळी पाहतो तेव्हा तो साक्षीदार कोणत्या परिस्थितीत साक्ष देत आहे हे तपासत असतो. तो मापन हिशेबाशी ताडतो तेव्हा अंतर्गत परीक्षण करत असतो. झडपेची पडताळणी ही दुसऱ्या साधनाची जोड होय. पी०१०१ हा क्रमांक 'मापन अपेक्षेशी जुळत नाही' एवढेच सांगतो. 'संवेदक बदला' असे तो सांगत नाही. तो अर्थ वाचणारा त्यात घालतो.

या दृष्टीने पाहता नव्या तंत्रज्ञानाने जुन्या मिस्त्रीचे ज्ञान निरर्थक केले, हे सर्रास केले जाणारे विधान अर्धसत्य ठरते. प्लगचा रंग वाचण्याचे कौशल्य आता क्वचितच उपयोगी पडते, हे मान्य करावे लागेल. परंतु लक्षणाकडून कारणाकडे जाण्याची, एकेक शक्यता वगळण्याची आणि स्थानिक परिस्थिती जमेस धरण्याची शिस्त पूर्वीइतकीच आवश्यक आहे. सोयाबीनची मळणी केव्हा असते, हे कोणत्याही स्कॅनरमध्ये नोंदलेले नाही.

निष्कर्ष

१) इंजिनातील हवा मोजण्याच्या पद्धतीतील बदल हा प्रामुख्याने उत्सर्जनविषयक कायद्यांमुळे घडून आला. यंत्रशास्त्रीय तत्त्व १९१४ पासून उपलब्ध असूनही मोटारीत तप्त तार येण्यास सुमारे सात दशके लागली.

२) भारतातील मानके टप्प्याटप्प्याने लागू झाल्यामुळे मोठी शहरे आणि वाशिमसारखे जिल्हे यांच्यात वाहनांबरोबरच दुरुस्तीच्या ज्ञानाचेही अंतर निर्माण झाले.

३) कार्बोरेटरच्या काळात निदानाचे साधन मिस्त्रीच्या शरीरात होते. पुढे ते उपकरणात गेले. उपकरण कोणाला मिळते, हा प्रश्न त्यामुळे आर्थिक आणि कायदेशीर स्वरूपाचा बनला.

४) दोष-क्रमांकालाच निदान मानल्यामुळे भाग अनावश्यकपणे किंवा अकाली बदलले जाण्याचा धोका असतो आणि त्याचा भार अखेर वाहनधारकावर पडतो.

समारोप

डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने खुल्या झालेल्या आणि जून २०२५ मध्ये पूर्ण झालेल्या समृद्धी महामार्गाने वाशिम जिल्ह्यातून जाणाऱ्या वाहनांचे स्वरूप बदलले आहे. कारंजा, शेलूबाजार आणि मालेगाव परिसरातील गॅरेजांत पुढील काळात अधिक संवेदक असलेली आणि अधिक गुंतागुंतीची वाहने येतील. त्याच वेळी कार्बोरेटर ऐकून जुळवणारी पिढी साठी-सत्तरीला पोहोचली आहे. तिचे ज्ञान कोणत्याही दप्तरात नाही. आपल्या महाविद्यालयांतील इतिहास विभागांनी पदवी स्तरावरील प्रकल्पांतून जिल्ह्यातील मिस्त्रींच्या मुलाखतींचे मौखिक संकलन केले आणि जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेशी त्यासाठी सहकार्य केले, तर स्थानिक इतिहासात एका दुर्लक्षित दालनाची भर पडेल. संस्थेतील विद्यार्थ्याला त्यातून दोष शोधण्याची रीत मिळेल आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याला साधन-चिकित्सेचा अर्थ पुस्तकाबाहेर पाहता येईल. हे काम पुढील काही वर्षांत झाले पाहिजे, कारण ज्यांना विचारायचे ते त्यानंतर आपल्याला भेटतीलच असे नाही.